ऑटोपायलटचा तुटलेला कनेक्टर बदलताना
शिडाच्या बोटीवरील ऑटोपायलट (सुकाणू आपोआप सांभाळणारे यंत्र) मध्येच बंद पडत असेल, तर मोटर उघडण्याआधी तिच्या वायरचा कनेक्टर तपासावा. खाऱ्या हवेने हिरवट पडलेली किंवा मुळाशीच तुटलेली पिन बहुधा तिथेच सापडते. बॅटरीचा स्विच बंद करून आधी वायरींच्या रंगांचा फोटो काढून ठेवावा आणि मग तांबे लखलखीत दिसेपर्यंत वायर मागे कापत जावी, कारण काळवंडलेल्या तारेवर केलेला जोड फार दिवस टिकत नाही. नुसते सोल्डरिंग मी टाळतो: सोल्डर जिथे संपते, नेमकी तिथेच तार हादऱ्यांनी मोडते. त्याऐवजी मापाचे क्रिम्प (तारेवर दाबून बसवायचे धातूचे जोड) आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे उष्णता दिली की आकसून जोडावर घट्ट बसणारी नळी, वापरावी. कनेक्टरच्या अलीकडे वायरीला थोडा झोल ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी पिनांपर्यंत न पोहोचता तिथेच ठिबकते.