बातम्यांची पट्टी टीव्हीवर उमटली होती, ती अशी गेली (माझा अनुभव)

तीन वर्षं जुना ओएलईडी टीव्ही (यात पडद्यावरचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, स्वतःच उजळतो). बाबांच्या बातम्या सकाळ-संध्याकाळ. क्रिकेट लावलं की हिरव्या मैदानावर खाली फिकट पट्टी आणि कोपऱ्यात लोगोचा चौकोन दिसायचा. पेनड्राइव्हवरून करड्या रंगाचा फोटो लावला, तर अगदी ठळक.

सेटटॉप बॉक्स बदलला, फॅक्टरी रीसेट मारला, रंग झळकवणारे व्हिडिओ रात्रभर चालवले. नुसता वैताग.

चूक भिंतीवर होती. आमच्याकडे झोपताना मेन स्विच बंद करायची सवय. बरेच ओएलईडी टीव्ही साधारण चार तासांच्या वापरानंतर स्टँडबायमध्ये (रिमोटने बंद, पण वीज चालू) स्वतःच पिक्सेल सावरून घेतात. वीजच तोडली तर ते होणार कसं?

आधी टीव्ही तासभर बंद ठेवून गार होऊ दिला. मग सेटिंगमध्ये पिक्सेल रिफ्रेश (पिक्सेल सावरण्याचं तेच काम, पण मोठं) निवडून रिमोटनेच बंद केला आणि तासभर हात लावला नाही. (हे वारंवार करू नका, पॅनेलवर ताण येतो.) नंतर स्क्रीन शिफ्ट (चित्र अधूनमधून किंचित सरकवणारी सोय) चालू, लोगोचा उजळपणा कमी, ब्राइटनेस शंभरवरून पन्नासवर. स्विचवर चिकटपट्टी लावली: 'बाबा, बंद करू नका'.

पट्टी गेली. लोगोचा कोपरा करड्यावर अजून पुसटसा दिसतो. तिथले पिक्सेल खरंच झिजलेत, ते परत येत नाहीत.