पँटाला चतुर ओळखताना या चुका टाळा

पावसाळा ओसरू लागला की बेळगावजवळच्या येळ्ळूर, राकसकोप आणि खानापूर भागांतील भातशिवारांवर पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात. त्यांत पँटाला फ्लेवेसेन्स ही जात पुष्कळदा असते. तथापि पिवळा दिसेल तो प्रत्येक चतुर पँटालाच मानणे, ही सर्वांत सार्वत्रिक चूक होय. रंग येथे फसवा असतो, कारण नुकताच पंख फुटलेला कीटक फिकट पिवळा असतो, प्रौढ नराच्या पोटावर तांबूस छटा चढते आणि काहींच्या पंखांची टोकेही तपकिरी दिसतात.

त्यापेक्षा मागच्या पंखांचा बुंधा पाहावा. शरीराची लांबी सुमारे ४.५ सेंटिमीटर असताना पंखांचा पसारा ७ ते ८.५ सेंटिमीटर भरतो आणि मागचा पंख बुडाशी विशेष रुंद असल्यामुळे हा कीटक फारसे पंख न हलवता वाऱ्यावर तरंगू शकतो. या बुडाशी फार तर पिवळसर झाक असते. तेथे गडद तांबूस-तपकिरी पट्टा आढळल्यास तो बहुधा ट्रामिया या दुसऱ्या प्रजातीचा चतुर समजावा. पँटालात जाती दोनच आहेत, आणि मागच्या पंखाच्या बुडाशी गडद ठिपका असलेली दुसरी, पँटाला हायमेनिया, अमेरिका खंडातील आहे. त्यामुळे बेळगावात टिपलेल्या छायाचित्राला ते नाव देण्याची घाई करू नये.

उडत्या चतुराचे छायाचित्र पुसट येते, अशी तक्रार नेहमीची आहे. त्याच्या मागे धावण्यापेक्षा सांजवेळी झुडपे न्याहाळावीत, कारण पँटाला काडीला उभा लोंबकळून विसावतो, तर ट्रामिया काडीच्या टोकावर आडवा बसतो.

अळ्या शोधण्यासाठी बेळगावच्या किल्ला तलावावर जाणारे बहुधा रिकाम्या हाताने परततात. मादी प्रामुख्याने पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालते, क्वचित पाण्यासारख्या चकाकणाऱ्या मोटारीच्या टपावरही (तेथे ती वायाच जातात), आणि डबके आटण्याआधी वाढ उरकावी लागत असल्याने अळीची अवस्था सुमारे ३८ ते ६५ दिवसांत संपू शकते.

पँटाला समुद्र ओलांडून स्थलांतर करतो, पण 'आफ्रिकेला गेलेला चतुर पुढच्या वर्षी आपल्याच शेतात परततो' हे विधानही टाळावे. जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मालदीवमधील निरीक्षणांवरून मांडलेल्या, भारतातून आफ्रिकेला आणि परत अशा हिंदी महासागरावरील १४,००० ते १८,००० किलोमीटरच्या फेरीत एकामागून एक अनेक पिढ्या खर्ची पडतात.