आपल्याला काय जमतं आणि घोडं कुठे अडतं, हे शोधायचं कसं

इंटरव्ह्यूमध्ये स्ट्रेंग्थ-वीकनेस विचारल्या की बहुतेक जण पाठ केलेलंच म्हणतात, मी मेहनती आहे, टीम प्लेअर आहे, आणि वीकनेस काय तर मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे. समोरच्यानेही ते शंभरदा ऐकलेलं असतं, तो मान डोलावतो, विषय संपतो. तिथे ठीक आहे, वेळ निभावते. पण स्वतःला हाच प्रश्न विचारून हेच उत्तर दिलं तर हाती काहीच लागत नाही, कारण "मेहनती" आहे म्हटल्यावर पुढे त्याचं करायचं काय?

म्हणून पहिली गोष्ट, गुण लिहू नका, काम लिहा. "कम्युनिकेशन चांगलं आहे" असं नाही, तर "चिडून फोन केलेल्या माणसाला मी शांत करू शकतो" किंवा "किचकट रिपोर्ट वाचून त्यातलं कामाचं एका पानात उतरवू शकते" असं. कमतरतेचंही तेच. "आळशी आहे" लिहिलंत की स्वतःला शिवी दिल्यासारखं होतं आणि पुढचा मार्गच बंद. "सुरुवात जोरात होते पण शेवटचा थोडा भाग राहिला की फाईल उघडावीशी वाटत नाही" असं लिहिलं की निदान कुठे बघायचं ते तरी कळतं.

आता हे शोधायचं कुठे, तर ऑनलाईन पर्सनॅलिटी टेस्टमध्ये शक्यतो नको. टाईमपास म्हणून द्या, हरकत नाही. पण 1948 मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांना अशीच एक टेस्ट दिली, नंतर प्रत्येकाला रिपोर्ट दिला आणि विचारलं की हे वर्णन तुम्हाला किती लागू पडतं, 5 पैकी मार्क द्या. सरासरी आली 4.26. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बराचसा राशीभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता! "तुम्ही बाहेरून कणखर पण आतून हळवे आहात" छापाचं काहीही कुणालाही लागू पडतं, त्यामुळे रिपोर्ट वाचून "अरे हे तर अगदी मीच" वाटलं तरी ते फार मनावर घेऊ नका.

त्यापेक्षा एक साधी वही घ्या, मोबाईलमधलं नोट्स अ‍ॅपही चालेल. मॅनेजमेंटवाले पीटर ड्रकर एक पद्धत सांगायचे, मला ती सगळ्यात पटते. कुठलाही महत्त्वाचा निर्णय घेतला किंवा मोठं काम हातात घेतलं की त्याच दिवशी लिहून ठेवायचं की यातून काय होईल असं मला वाटतंय, आणि मग 9 ते 12 महिन्यांनी प्रत्यक्षात काय झालं ते त्याच्या शेजारी लिहायचं. एवढंच. नऊ महिने लांब वाटत असतील तर छोट्या कामांवर करा, "हे प्रेझेंटेशन मी दोन दिवसांत संपवेन, स्लाईड्स पटकन होतील, आकडे गोळा करायला वेळ जाईल" असं लिहा आणि झाल्यावर बघा. पाच दिवस लागले, आकडे एका तासात मिळाले आणि सगळा वेळ स्लाईड्सचे रंग बदलण्यात गेला असं निघालं तर समजा सोन्यासारखी माहिती मिळाली. अंदाज आधी लिहिणं मात्र मस्ट आहे, कारण काम झाल्यावर आपण सगळेच "मला वाटलंच होतं" म्हणतो.

कमतरता एकवेळ सापडतात, ताकद सापडणं जास्त अवघड असतं, कारण जे सहज जमतं ते आपल्याला कौशल्य वाटतच नाही. डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांचा 1999 चा अभ्यास बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो, म्हणजे ज्यांना कमी येतं त्यांना आपल्याला खूप येतं असं वाटतं (चाचणीत सगळ्यात खालच्या गटाचा नंबर, खालून मोजला तर, शंभरात साधारण बारावा लागत होता आणि त्यांना स्वतःचा बासष्टावा वाटत होता). पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही, जे सगळ्यात वरचे होते त्यांनी स्वतःला थोडं कमीच लेखलं, कारण त्यांना वाटलं की हे बाकीच्यांनाही एवढंच सोपं जात असेल. म्हणून कोणी कौतुक केलं आणि तुमच्या तोंडून "छे, त्यात काय एवढं" निघालं की लगेच ते काम वहीत लिहा. आणि असं बोलून जाताना खोटा विनय नव्हता, खरंच वाटलं ना की यात काय एवढं? मग तर नक्कीच लिहा. दुसरी खूण म्हणजे लोक कुठल्या कामासाठी तुम्हालाच शोधत येतात. फक्त एक बघा, जमतं पण केल्यावर दोन दिवस पिळून निघाल्यासारखं वाटतं अशीही कामं असतात, त्यांच्यासमोर वेगळी खूण करा, त्यावर सगळं करिअर उभारायला जाऊ नका.

लोकांना विचारायचंच आहे, पण नीट विचारा. "माझ्यात काय कमी आहे?" विचारलं की मित्र म्हणणार "काही नाही रे, भारी आहेस तू", आणि घरचे यादीच काढणार. त्याऐवजी एकत्र काम केलेल्या दोघा-तिघांना विचारा की मागच्या कामात माझ्यामुळे तुझं काम कुठे अडलं, आणि कुठलं काम तू डोळे झाकून माझ्यावर टाकशील. उत्तर आलं की बाजू मांडायची नाही, "त्या दिवशी ना झालं असं की" सुरू केलंत की पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही. आतली भीती, टेन्शन हे आपलं आपल्यालाच जास्त कळतं, तिथे दुसऱ्याचं फार ऐकू नका, पण आपण किती हुशार किंवा कल्पक आहोत हे बऱ्याचदा जवळच्यांना आपल्यापेक्षा बरं कळतं.

मग ही यादी घेऊन काय करायचं, तर सगळ्या कमतरता दुरुस्त करायला निघू नका प्लीज. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा, हिच्यामुळे माझी चांगली बाजू अडते का? अडत नसेल तर राहू दे, चित्र चांगलं काढता येत नाही आणि कामात चित्र काढायचंच नाही, तर कशाला त्रास. अडत असेल तर ती खणून बघा. एक उदाहरण घेऊ. "मी मीटिंगमध्ये वीक आहे" असं लिहिलंय. बरं, कधी? एकेकट्याशी बोलताना तर नाही, मेलही छान लिहिता. मग आठवून बघितल्यावर कळतं की मध्येच कोणी, त्यातही सीनियरने, तोडलं की तुम्ही गप्प होता आणि मुद्दा तसाच राहतो. आता हा काही "कॉन्फिडन्स वाढवा" टाईप प्रॉब्लेम राहिला नाही. आधीच ठरवून टाकायचं की कोणी तोडलं तर त्याचं बोलणं संपल्या संपल्या मी म्हणणार, "माझा एक मुद्दा अर्धा राहिलाय, तो पूर्ण करतो." वाक्य तयार हवं, घरी मोठ्याने म्हणून बघितलेलं हवं. असं "अमुक झालं तर मी तमुक करेन" ठरवून ठेवलेलं नुसत्या निश्चयापेक्षा जास्त टिकतं, पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं बरंच काम यावरच आहे.

काही गोष्टी नुसत्या शिकायच्या राहिलेल्या असतात, एक्सेल येत नाही ही कमजोरी नव्हे, शिकून घ्या आणि मोकळे व्हा. सवयीच्या भानगडीत मात्र स्वतःवर विसंबू नका, रिमाइंडर लावा, डेडलाईन दुसऱ्या कोणाला सांगून ठेवा. आणि जे मुळातच स्वभावात नाही त्यासाठी सरळ जोडीदार शोधा, तुम्ही आयडिया काढा, त्याला चेकलिस्ट सांभाळू दे.

ताकदीचं काय? ती आपोआप वाढते असं लोक धरून चालतात. दहा वर्षं एकच काम एकाच पद्धतीने केलं तर हात बसतो, पण पातळी तिथेच राहते. रिपोर्ट चांगले लिहिता ना, मग असा विषय घ्या जो तुम्हाला अर्धाच कळतो, किंवा असा वाचक घ्या ज्याला त्यातलं काहीच कळत नाही, आणि कोणाला तरी लाल पेन घेऊन बसवा. आणि जास्त झालेली ताकदच कधीकधी नडते हेही बघा, पटकन निर्णय घेणारा माणूस समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही, बारकाईने बघणाऱ्याचं काम वेळेत हातातून सुटत नाही. ताकद लिहिली की शेजारी "जास्त झाली की काय होतं" हेही एका ओळीत लिहून टाका.

आणि काम बदललं, प्रमोशन झालं, टीम नवी आली की यादी परत काढा. एकट्याने झपाट्याने काम उरकणं ही कालपर्यंत ताकद होती, आता हाताखाली पाच जण आहेत आणि तुम्ही अजूनही सगळं एकटेच उरकताय, तर तीच ओळ उचलून दुसऱ्या बाजूला लिहावी लागेल.