बाहेर निनावी, आत चोख नोंद

सेकंड लाइफ या आभासी जगात कपडे बनवून विकणाऱ्या एका गटात मी काम करते. दुकानाच्या पाटीवर एकच नाव आहे. त्यामागे किती माणसं आहेत, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. गटातही आम्ही एकमेकांना अवतारांच्या, म्हणजे त्या जगातल्या आपापल्या आकृत्यांच्या, नावांनीच ओळखतो. मेश, म्हणजे कपड्याची त्रिमितीय जाळी, कशी करायची हे शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. अनोळखी माणसांनी मिळून एकच कपडा कसा करायचा, हे मात्र नवख्याला कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हे जग २००३ पासून चालू आहे आणि तिथले जवळजवळ सगळे कपडे तिथे वावरणारी माणसंच बनवतात. आधी कपडा म्हणजे मुख्यतः अवतारावर चढवलेलं चित्र असायचं. २०११ मध्ये मेश आली आणि काम वाटून घ्यावं लागलं. एकजण मार्व्हलस डिझायनर या कपडे बेतायच्या सॉफ्टवेअरमध्ये कापड बेततो, दुसरा ब्लेंडर या त्रिमितीय कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मेश हलकी करतो, कुणी टेक्स्चर (कापडाचा रंग-पोत) रंगवतं, कुणी रिगिंग करतं, म्हणजे कपडा अवताराच्या हाडांना बांधतं. ब्लेंडर फुकट आहे, सुरुवात तिथूनच करा.

माझं काम रिगिंगचं, आणि ते मला खऱ्या अर्थाने साडीने शिकवलं. मेशचा प्रत्येक बिंदू अवताराच्या जास्तीत जास्त चार हाडांना बांधता येतो; कोणत्या हाडासोबत तो किती हलेल, त्याला वजन म्हणतात. सहावारीच्या निऱ्या दोन मांड्यांच्या मध्ये पडतात. डावी बाजू पूर्ण डाव्या मांडीला आणि उजवी पूर्ण उजवीला दिली, तर पहिल्याच पावलाला कापड मधोमध ताणून विस्कटतं. सगळीकडे निम्मं-निम्मं वजन दिलं, तर पाय कापडातून बाहेर येतात. म्हणून मधल्या निरीवर दोन्ही मांड्यांचं वजन सारखं ठेवायचं आणि कडेला जाताना ते हळूहळू एकेका पायाकडे झुकवायचं. नऊवारी अवघड वाटते, पण काष्ट्यामुळे पाय वेगळे होतात आणि हे काम उलट सोपं जातं. खरी परीक्षा अवतार मांडी घालून बसला की होते. ही सगळी तपासणी चाचणीच्या ग्रिडवर (सेकंड लाइफच्या चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या जगात) करा, तिथे अपलोडला खरे पैसे पडत नाहीत. मुख्य ग्रिडचं नाव अग्नी आणि चाचणीच्या ग्रिडचं अदिती. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आता गटाचं. जो मेश अपलोड करतो, त्याच्या अवताराचं नाव निर्माता म्हणून त्या वस्तूवर कायमचं राहतं, नंतर बदलता येत नाही. त्यामुळे अपलोड कोण करणार हे आधीच ठरवायला हवं. आमच्याकडे एकजण अपलोड करतो, बाकीचे त्याला फाइली देतात. एकच खातं पासवर्ड वाटून वापरायचा मोह टाळा. विकाऊ वस्तूचे कॉपी, बदल आणि हस्तांतर हे तिन्ही हक्क खुले ठेवून ती कुणाच्या हाती देऊ नका, गटातल्या नव्या माणसाच्याही नाही. लोकप्रिय बॉडींची (अवताराला चढवायच्या तयार शरीरांची) डेव्हलपर किट, म्हणजे त्या शरीरावर कपडा बसवायला लागणाऱ्या फाइली, ज्याने-त्याने स्वतः अर्ज करून मिळवावीत. त्यांच्या अटी वाचा, ती सहसा दुसऱ्याला देता येत नाहीत.

फॅशनमध्ये निनावीपण नवं नाही. १९८८ मध्ये पॅरिसात सुरू झालेल्या मार्टिन मार्जेला या डिझायनरच्या फॅशन हाउसने कोऱ्या लेबलचे कपडे विकले आणि पत्रांना कायम ‘आम्ही’ म्हणून उत्तरं दिली. मला ते मनापासून आवडतं. पण गटाच्या आत कोणी काय केलं, याची नोंद लख्ख हवी. आमच्या प्रत्येक कपड्यासोबत एक साधा तक्ता असतो: बेतणं कुणाचं, रिगिंग कुणाचं, टेक्स्चर कुणाचं, वाटा किती. विक्रीचे लिंडन डॉलर (सेकंड लाइफचं चलन) वाटपाप्रमाणे आपोआप विभागणारी विक्रीयंत्रं मिळतात, तीच वापरा. महिनाअखेरीच्या हिशेबावर विसंबलेले गट लवकर फुटतात, असं माझं मत आहे.

हेही लक्षात ठेवा की निनावीपण गिऱ्हाइकापुरतं असतं. लिंडन डॉलर खऱ्या पैशांत काढताना ओळखपत्र द्यावं लागतं आणि ते उत्पन्न भारतातल्या विवरणपत्रातही दाखवावं लागतं.

पुढे गेमिंग किंवा ॲनिमेशनमध्ये नोकरी करायची असेल, तर गटात येतानाच विचारा: माझं काम मुलाखतीत दाखवलं तर चालेल का? दुकानाचं नाव न सांगता, नुसत्या मेशचे आणि वजनांचे फोटो दाखवायची लेखी परवानगी घ्या. आणि प्रत्येक टप्प्याची ब्लेंडर फाइल तारखेसह स्वतःकडे ठेवा.