टार्गेट एकच, तरी फिल्म वेगळी का येते? ऑक्साइड थिन फिल्म करताना या चुका टाळा

टार्गेटवर, म्हणजे ज्या पदार्थाची फिल्म करायची त्याच्या वडीवर, लेझर मारायचा आणि उडालेलं मटेरियल सबस्ट्रेटवर, म्हणजे खालच्या क्रिस्टलच्या चकतीवर, पातळ थरात बसवायचं, ही आपली फिल्म. लॅबमध्ये नवीन आलेले पोट्टे फिल्म बिघडली की पहिले टेम्परेचर बदलतात, मग ऑक्सिजनचं प्रेशर, मग लेझरची एनर्जी, आणि सबस्ट्रेटच्या डबीवर काय लिहिलंय ते कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. मीही हेच केलं होतं, म्हणून लिहून राहिलो.

निओडिमियम गॅलेटचे सबस्ट्रेट मागवले होते, डबीवर ११० लिहिलेलं (क्रिस्टल कुठल्या दिशेने कापलाय ते सांगणारे आकडे, म्हणजे ओरिएंटेशन). मी धरून चाललो की स्ट्रॉन्शियम टायटनेटचं म्हणजे एसटीओचं ११० असतं तसंच हे असेल, फिल्मपण ११० वाढेल. एक्सआरडीत, म्हणजे क्रिस्टलच्या एक्स-रे स्कॅनमध्ये, पीक (आलेखातली टोकं) आले ००१ चे. तीन आठवडे मी टेम्परेचर वरखाली करत बसलो, रेसिपीत काहीच चूक नव्हती. निओडिमियम गॅलेट क्युबिक (तिन्ही बाजू सारख्या) नाहीच, ऑर्थोऱ्होम्बिक (तिन्ही बाजू वेगळ्या) आहे, आणि त्याचं ११० म्हणजे पेरोव्स्काइटच्या (एसटीओसारख्या रचनेच्या) हिशोबात स्यूडोक्युबिक, म्हणजे क्युबिकच धरून मोजलेलं, ००१. डिस्प्रोशियम स्कँडेटचंही तसंच. तेव्हापासून वहीत मी दोन्ही लिहितो, डबीवरचं पण आणि स्यूडोक्युबिकचं पण, तुम्हीही लिहा.

दुसरी चूक जास्त खोल आहे, ओरिएंटेशन म्हणजे नुसतं लेबल समजणं. आलापल्लीचा साग आडवा कापला तर वर्तुळं दिसतात, उभा कापला तर रेषा, लाकूड तेच असतं. एसटीओचा लॅटिस, म्हणजे अणूंच्या जाळीतल्या एका घराची बाजू, ३.९०५ अँगस्ट्रॉम. ००१ ने कापला तर वर चौकोनी जाळी मिळते, दोन्हीकडे ३.९०५. ११० ने कापला तर आयत, एकीकडे ३.९०५ आणि दुसरीकडे ५.५२. १११ ने कापला तर त्रिकोणी जाळी. फिल्मचे अणू या जाळीवर बसतात, त्यामुळे कुठल्या दिशेला किती ताण येणार हे तिथंच ठरून जातं. लँथनम स्ट्रॉन्शियम मँगनाइटचा (याचं मँगनीज तर आपल्या मनसर-गुमगावच्या जमिनीतच आहे!) स्वतःचा लॅटिस साधारण ३.८८, म्हणून एसटीओ ००१ वर तो आडवा पाऊण टक्का ताणला जातो आणि उंचीला कमी होऊन ३.८५ च्या आसपास येतो, ००२ चा पीक (००१ च्याच थरांचा) ४७.२ अंशाकडे सरकतो. लँथनम अॅल्युमिनेटवर, म्हणजे ३.७९ वर, तोच मँगनाइट दाबला जाऊन उंच होतो आणि पीक डावीकडे जातो. पीक सरकला म्हणजे लगेच कंपोझिशन बिघडलं असं नसतं.

कधीकधी तर क्रिस्टलची सिमेट्रीच बदलते. बिस्मथ फेराइट बल्कमध्ये, म्हणजे जाड तुकड्यात, ऱ्होम्बोहेड्रल (कर्णावर ताणलेल्या घनासारखं) असतं, एसटीओ १११ वर तसंच राहतं, ००१ वर मोनोक्लिनिक (एक कोन तिरका) होतं. आणि व्हॅनेडियम डायऑक्साइडचं उदाहरण मला फार आवडतं. बल्कमध्ये ते ६८ अंश सेल्सियसला इन्सुलेटरचं मेटल होतं. २००२ मध्ये मुराओका आणि हिरोई यांनी टायटेनियम डायऑक्साइडवर त्याच्या पातळ फिल्म केल्या, तर ००१ कटवर हे टेम्परेचर २७ अंशाजवळ आलं आणि ११० कटवर ९६ पर्यंत चढलं. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद असेल तर पहिली फिल्म टेबलावर ठेवल्या ठेवल्याच मेटल असेल आणि दुसरी अजून इन्सुलेटर.

००१ ची साफसफाई १११ ला तशीच लावू नका. एसटीओ ००१ चे थर न्यूट्रल असतात, ११० आणि १११ चे थर मात्र आलटून पालटून अधिक चार, उणे चार असे चार्ज असलेले असतात, त्यामुळे तो पृष्ठभाग स्वतःच अणू हलवून घेतो. बफर्ड एचएफने, म्हणजे हायड्रोफ्लोरिक अॅसिडच्या द्रावणाने, पृष्ठभाग खाऊन (एचिंग) मग भट्टीत ठेवायची रेसिपी प्रत्येक कटसाठी वेगळी बसवावी लागते. आणि एचएफ आहे बाबांनो, त्याने भाजलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल शेजारी नसेल तर बाटली उघडू नका.

नुसता थीटा टू-थीटा (नेहमीचा एक्सआरडी स्कॅन) काढून एपिटॅक्सियल, म्हणजे फिल्म सबस्ट्रेटच्या जाळीला जुळून वाढली, असं लिहू नका, तो स्कॅन फक्त उभी दिशा सांगतो. फाय स्कॅन काढा, म्हणजे सॅम्पल स्वतःभोवती गोल फिरवून. ००१ वर ११० चे चार पीक यायला पाहिजे, ११० कटवर १०० चे दोन, १११ वर तीन. १११ वर सहा आले तर साठ अंश फिरलेले ट्विन (जुळे क्रिस्टल) आहेत, हे मी खूपदा बघितलंय. ११० कटचा तुकडा चौकोनी असेल तर कापायच्या आधी मागून एका कडेला खूण करा, नाहीतर रेझिस्टन्स कुठल्या दिशेनं मोजला तेच कळणार नाही, आणि या कटवर दोन दिशांचे आकडे वेगळे येऊ शकतात.

आता अनोळखी पीक. एसटीओ ००१ वर ४१.८ अंशाला बारीकसा पीक दिसला तर बहुतेक एक्स-रे ट्यूबमधल्या कॉपरची के-बीटा (मुख्य किरणासोबत येणारी दुसरी तरंगलांबी) आहे, सबस्ट्रेटच्याच ००२ ची. ४४.४ ला दिसला तर एक्स-रे ट्यूब जुनी झाली असेल, फिलामेंटचं टंगस्टन ट्यूबमधल्या कॉपरवर बसतं आणि त्याची रेषा तिथं येते. पण सबस्ट्रेट हीटरला चिकटवायची सिल्व्हर पेस्ट मागच्या बाजूला राहिली तरी ४४.३ ला पीक येतो, तेव्हा ३८.१ ला चांदीचा मोठा पीक आहे का ते बघा. लँथनम अॅल्युमिनेटवर रॉकिंग कर्व्हला (सॅम्पल थोडं डोलवून काढलेल्या स्कॅनला) दोन-तीन टोकं आली तर फिल्मला दोष देऊ नका. हा सबस्ट्रेट साडेपाचशे अंशाच्या जरा खाली फेज (अणूंची रचना) बदलतो, आपण फिल्म त्याच्या वर वाढवतो, आणि थंड होताना त्याच्यात ट्विन पडतात.

जुलैत लँथनम ऑक्साइड डबीतून काढून सरळ तोलू नका. इथल्या दमट हवेत ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड धरतं, तोललेल्यात लँथनम कमी भरतं आणि मग लॅटिस हलला की आपण ओरिएंटेशनवर संशय घेत बसतो. आधी ९०० ते १००० अंशाला भाजा, लगेच तोला. आणि काहीही प्रश्न आला तर त्याच डबीतल्या कोऱ्या सबस्ट्रेटचा स्कॅन त्याच मशीनवर, त्याच दिवशी काढा. अर्धा तास लागतो, माझे तीन आठवडे त्याच अर्ध्या तासात वाचले असते.