अर्धा दिवस, लाल डबा आणि सासवड : छोटी भटकंती कशी करायची

फिरायला जायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच महाबळेश्वर नाहीतर कोकण, मग हॉटेल बुकिंग, मग सुट्ट्या जुळत नाहीत म्हणून ते राहूनच जातं. मला गेल्या दोनतीन वर्षांत सगळ्यात जास्त आनंद दिलाय तो रविवारी सकाळी निघून दुपारी साडेतीन-चारला घरी येणाऱ्या भटकंतीने, आणि त्यातही सासवडने. पुण्यापासून साधारण ३० किलोमीटर. आम्ही कसं जातो ते सगळं लिहितेय, पुण्यात राहणाऱ्यांना जसंच्या तसं वापरता येईल.

आधी पहिल्यांदा काय चुकलं ते. आम्ही गाडी काढली होती आणि सात ठिकाणांची यादी केली होती, सासवड, नारायणपूर, केतकावळे, जेजुरी असं सगळं एका दिवसात. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, चप्पल काढायची, दर्शन, फोटो, चप्पल घालायची, चला पुढे. मुलाला घाटात उलटी झाली, आई गाडीतच बसून राहिली आणि घरी आल्यावर कुठल्या देवळात काय बघितलं ते कुणालाच नीट सांगता येईना. त्यानंतर एकच नियम केला, की एक ठिकाण पक्कं करायचं आणि बाकीचा वेळ मोकळा सोडायचा, अगदी मुद्दाम मोकळा.

जायचं कसं

एसटीने जा. स्वारगेटवरून जेजुरी, नीरा, बारामतीकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी ज्या सासवडवरून जातात त्या चालतात, चढायच्या आधी कंडक्टरला फक्त "सासवडवरून का?" एवढं विचारून घ्या. पीएमपीच्या सिटी बसेस पण आहेत, हडपसरच्या बाजूला राहणाऱ्यांना त्याच सोयीच्या. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांच्या वरच्यांना फुकट, आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. म्हणजे माझं अर्धं, आठ वर्षांच्या मुलाचं अर्धं आणि आईचं काहीच नाही! आईला ते शून्य रुपयांचं तिकीट इतकं आवडतं की ती ते पर्समध्ये जपून ठेवते.

सकाळी सातच्या आत निघा. खिडकी मिळते आणि दिवे घाट गर्दीच्या आधी पार होतो. घाट चढायला लागला की खाली वडकीचा मस्तानी तलाव दिसतो तो चुकवू नका, पाऊस चांगला झाला असेल तर भरलेला असतो. याच घाटातून माऊलींची पालखी चढते आणि सासवडला दोन रात्री मुक्काम करते, तर त्या दिवसांत असली शांत भटकंती ठेवू नका, तेव्हा जायचं तर वारीलाच जा.

पक्कं ठिकाण: संगमेश्वर

कऱ्हा आणि चांबळी या दोन नद्यांच्या संगमावरचं हे महादेवाचं देऊळ. स्टँडवरून चालत जाता येतं, विचारत विचारत जा, रिक्षा फक्त गुडघे दुखत असतील तरच. मोठा दगडी घाट, पायऱ्या, वर दीपमाळा, नंदी, आणि सकाळच्या वेळी जवळजवळ कुणीच नसतं.

आता इथं काय करायचं, तर बसायचं. खरंच सांगते, निदान अर्धा तास घाटावर नुसतं बसायचं, कारण पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही, मुलं कंटाळतात, आपला हात पण मोबाईलकडे जातो, आणि मग हळूहळू दिसायला लागतं. आम्ही बसलो होतो तेव्हा मुलाला एक खंड्या दिसला. समोरच्या फांदीवर बसलेला, निळा लख्ख. तो पाण्यात सूर मारायचा आणि परत त्याच फांदीवर यायचा, तीन वेळा रिकामा आला आणि चौथ्यांदा चोचीत मासा! मुलगा उभा राहून ओरडला. पायऱ्यांवर धुणं धूत असलेल्या एक मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "रोजचाच हाय त्यो, आमच्या आधी कामाला येतो." मग आई आणि त्या मावशी गप्पा मारायला लागल्या ते पाऊण तास. चाळीस मिनिटं एका पक्ष्याकडे बघत बसलेलं मूल मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मोकळा वेळ

इथून पुढचं ठरवू नका, पण हाताशी काय काय आहे ते माहीत असू द्या. सोपानकाकांची समाधी इथलीच, ज्ञानेश्वर माऊलींचे धाकटे भाऊ. मंदिरात थोडं थांबा, कुणीतरी वारकरी आजोबा हरिपाठ म्हणत असतात, त्यांच्या मागे बसून ऐकलं तरी चालतं, कुणी उठवत नाही. गावात सरदार पुरंदऱ्यांचा वाडा आहे, त्याचा दरवाजा बघून शनिवारवाडाच आठवतो, पण खाजगी मालमत्ता आहे म्हणून बाहेरूनच बघा, आत जायचं तर विचारून. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये सासवडलाच गेले, त्यांची समाधी पण इथं आहे. आचार्य अत्रे जवळच्या कोडीतचे.

पाय चांगले असतील तर नारायणपूरच्या रस्त्याला चांगावटेश्वर आहे, चांगदेवांच्या नावाचं. पायऱ्या बऱ्याच आहेत, आई खालीच थांबली होती, पण वरचे कोरीव खांब बघण्यासारखे आहेत, मला तर संगमेश्वरापेक्षा ते देऊळ जास्त आवडतं. हे सगळं एका फेरीत करू नका, यातलं एकच घ्या आणि बाकीचं पुढच्या वेळी.

आणि लोकांना विचारायची एक पद्धत आहे. "इथं बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलं की सगळे तेच ते नाव सांगतात जे आपल्याला मोबाईलवर आधीच दिसलेलं असतं. त्याऐवजी विचारा, "तुम्ही इथलेच का? लहानपणी कुठं खेळायचात?" माणूस थांबतो, विचार करतो आणि मग नदीतला डोह, चिंचेचं झाड, जुनी तालीम असं काय काय निघतं, एका काकांनी तर आम्हाला स्वतः चालत नेऊन गल्ली दाखवली.

बरोबर काय घ्यायचं

पाणी, टोपी, सुटे पैसे, एक जुनी चादर बसायला, आणि एक रिकामा कडक डबा. डबा विसरू नका, त्याचं कारण पुढे येतंय. खायला घरून फार नेऊ नका, स्टँडजवळ वडापाव, भेळ, चहा सगळं मिळतं आणि तिथं उभं राहून खाताना जी ओळख होते ती डब्यातल्या पोळीभाजीने होत नाही.

पुण्याबाहेरच्यांनी हीच पद्धत आपापल्या जवळच्या गावाला लावा. नाशिकवाल्यांना सिन्नरचं गोंदेश्वर आहे, मुंबईवाल्यांना लोकलने अंबरनाथचं इ.स. १०६० चं शिवमंदिर. तिथंही घाई नको.

आता डब्याचं

सासवडचा तालुका पुरंदर, आणि पुरंदर म्हणजे अंजीर आणि सीताफळ. इथल्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण माझा जीव सीताफळात. पावसाळ्याच्या शेवटाला गेलात तर रस्त्याच्या कडेला शेतकरी पाट्या घेऊन बसलेले असतात. घेताना डोळे बघायचे, म्हणजे खवल्यांच्या मधल्या भेगा. त्या रुंदावून पांढरट-पिवळसर झाल्या असतील तर फळ तयार, त्याला डोळे पडलेलं सीताफळ म्हणतात. डोळे मिटलेलं, हिरवंगार घट्ट फळ घरी नेऊन नीट पिकत नाही. एकदम मऊ पण घेऊ नका, बसमध्ये त्याचा लगदा होतो. डोळे पडलेलं पण हाताला कडक असं निवडा, एकेक कागदात गुंडाळून त्या डब्यात बसवा आणि डबा मांडीवर ठेवा, वरच्या फळीवर नाही.

घरी आल्यावर फ्रीजमध्ये टाकायचं नाही, तांदळाच्या डब्यात नाहीतर तसंच कागदात ठेवायचं. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात वास यायला लागतो, अंगठ्याने हलकं दाबलं की फळ उकलतं. आमच्याकडे मंगळवारी संध्याकाळी शाळेतून आल्याआल्या मुलगा डबा उघडून बघतो आणि बिया मोजत खातो. मागच्या वेळी एका फळात ४७ निघाल्या, त्या त्याने धुऊन वाळवल्यात आणि पुढच्या खेपेला संगमेश्वराच्या मावशींना दाखवायच्या म्हणून काडेपेटीत भरून ठेवल्यात.