पायथॉनच्या अटी लिहिताना या चुका टाळा

इफ उत्तर == "हो" ऑर "होय":

नवशिक्यांच्या कोडमध्ये ही ओळ हमखास सापडते. (कीवर्ड, म्हणजे इफ, ऑर असे राखीव शब्द, इथे उच्चाराप्रमाणे लिहिलेत.) 'उत्तर हो किंवा होय असेल तर' हे मराठीत चोख वाक्य आहे, म्हणून डोळ्याला काही खटकत नाही. पायथॉन मात्र ते (उत्तर == "हो") ऑर ("होय") असं वाचतो, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) त्याच्या लेखी खरीच. जुन्या फाइली पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ही अट बसली, की 'पुसू का?'ला 'नाही' म्हटलं तरी फोल्डर साफ. एरर नाही, वॉर्निंग नाही. घाईत चाचणी करणारा फक्त 'हो' टाइप करून बघतो, आणि ते तर बरोबरच चालतं. अट प्रिंट करून बघा: 'नाही' दिल्यावर ट्रू नव्हे, चक्क 'होय' छापलं जातं. ऑर ज्या बाजूवर थांबतो, तीच बाजू परत देतो.

लिहायचं असं: इफ उत्तर इन ["हो", "होय"]. कंस चौकोनीच घाला. गोल कंसात एकटं ("हो") उरलं तर ती साधी स्ट्रिंग होते, मग इन तिच्यात तुकडे शोधतो. रिकामी स्ट्रिंग तर प्रत्येक स्ट्रिंगमध्ये सापडते. म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी फाइली गेल्याच.

उत्तर != "हो" ऑर उत्तर != "होय" ही अट कायम खरी. इथे अँड हवा; नॉट इन त्याहून बरा.

'इज' म्हणजे नटूनथटून आलेलं == नव्हे. दोन्ही नावं मेमरीतल्या एकाच ऑब्जेक्टची आहेत का, एवढंच तो बघतो. सीपायथॉनमध्ये (आपण नेहमी वापरतो तो पायथॉन) -५ ते २५६ हे पूर्णांक आधीच तयार असतात. म्हणून शेलमध्ये (ओळ लिहिताच ती चालवणाऱ्या खिडकीत) दोन वेगळ्या ओळींवर अ आणि ब यांना २५६ दिलं तर अ इज ब ट्रू येतं, २५७ दिलं की फॉल्स. 'माझ्याकडे तर चाललं' म्हणणाऱ्यानं बहुधा १० वर तपासलेलं असतं. ३.८ पासून आकड्याला थेट इज लावलं तर वॉर्निंग येते; ती वाचायचे कष्ट घ्या. इज फक्त नन ('काहीच नाही' दाखवणारी किंमत) तपासायला ठेवा.

इनपुट() स्ट्रिंगच देतं आणि स्ट्रिंगची तुलना अक्षरागणिक होते, त्यामुळे "९" > "१०" खरं ठरतं. आधी इंट() लावून पूर्णांक करा.

०.१ + ०.२ == ०.३ फॉल्स, बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत का ते बघणारं मॅथ.इजक्लोज वापरा, रुपयांचा हिशेब असेल तर पूर्णांक पैशांत ठेवा.

=> असं काही नसतं, >= असतं.

अँड आधी सुटतो, ऑर नंतर. पाठांतर कशाला, कंस घाला.

आणि अँडऐवजी & लिहायचा शॉर्टकट नकोच; तो आकड्यांचे बिट जुळवतो आणि तुलनेच्या आधी सुटतो. वय > १८ & गुण > ४० मध्ये आधी १८ & गुण सुटतं, ते १८ च्या वर जातच नाही, मग ४० च्या वर कुठून जाणार? सगळे उमेदवार नापास.